सोळा आकडे

साडेचारला, जेटीसमोरच्या इमारतीत,
बायकांच्या लॉकररूममध्ये
आम्ही केसांना जेल फासतो.
थंड असतं. कानामागे ओघळतं.
मग सगळं मागे, अजून मागे,
भुवया किंचित उचलल्या जाईपर्यंत मागे.
रबराचे तीन वेढे, अंबाडा, त्यावर जाळी,
जाळीत सोळा आकडे.
टेबलावर छत्तीस असतात, आणि एक शून्य.

लुर्दिना टॉर्च घेऊन येते,
एकेकीच्या मानेवर उजेड पाडते.
बट सुटलेली दिसली तर बोलत नाही,
नुसती बोटाने दाखवते,
ताटात सापडल्यासारखी.
पाहुण्यांच्या केसालाही धक्का लागता कामा नये,
असं ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं.
आमच्या केसांचा विषय निघाला नव्हता.

रात्री दोनपर्यंत कपाळ
चढवलेल्या तबल्यासारखं होतं.
टिचकी मारली तर सूर लागेल.
मी हसून पत्ते वाटते. हसू आपोआप येतं,
कातडंच तसं ताणलेलं असतं.

पहाटे खोलीवर लालरिनपुई माझे आकडे काढते,
वाटीत टाकत मोजते. काढताना जास्त दुखतं.
तिलाच आधी दिसलं.
म्हणाली, तुझी टिकली खाली घसरलीय.
टिकली जागेवरच होती.
कपाळाचा मध्य वर सरकला होता.

डिचोलीला गेले तर शेजारच्या शेवंतीकाकू म्हणाल्या,
भव्य कपाळ गो तुझं, भाग्याचं लक्षण.
आई काही बोलली नाही.
शाळेत असताना तीच घालायची दोन वेण्या,
गुडघ्यांत माझं डोकं धरून,
अशा घट्ट की डोळे चिनी व्हायचे.
सैल वेणी म्हणजे घरात कोणी बघणारं नाही,
असं तिचं मत.
अंगणात बाबांचा टिपर उभा होता,
खाण बंद झाल्यापासून विटांवर,
चाकांत बोंडल्याचं झुडूप वाढलेलं.

म्हापशात डॉक्टर केंकरेंनी भिंग लावून पाहिलं,
कानशिलापासून कानशिलापर्यंत.
कागदावर लांबलचक नाव लिहिलं.
म्हणजे काय, मी विचारलं.
म्हणाल्या, ओढ. ओढीने गेलेत.
आता सैल बांधा, वर्षभर तरी.
मुळं जगली असली तर येतील,
गुळगुळीत झालंय तिथलं नाही सांगता येत.

कदंबच्या खिडकीला डोकं टेकवून
पणजीपर्यंत तो एकच शब्द.
घराची ओढ वाटते का गं, असं आई फोनवर विचारते.
महिनाअखेरीची ओढाताण मी तिला विचारत नाही,
दहा तारखेला पैसे पाठवते.
ओढगस्त हा शब्द आमच्याकडे
बाबा फक्त दुसऱ्यांच्या घरासाठी वापरतात.

कागद घेऊन लुर्दिनाकडे गेले.
तिने वाचला, घडी घातली,
मला बाथरूममध्ये नेलं, दार लावलं,
आणि ओल्या टिश्यूने स्वतःचं कपाळ पुसलं.
केसांची कड पुसली गेली.
बोटभर आत, उघडं, चकचकीत.
एकोणीस वर्षं, म्हणाली. आधी विमानात, मग हांगा.
मग पर्समधून भुवयांची पेन्सिल काढली,
आरशात वाकून कड पुन्हा काढू लागली.
रेघ मारूंक ना गो. एकेक केस काढ.
हलक्या हाताने. बघ.
मी बघत राहिले.
खूप सफाईदार हात आहे तिचा.

आज मी बाराच लावले.
अंबाडा जरा डावीकडे कललाय.
बोट धक्क्यापासून सुटायच्या आधी
टॉर्च मानेवर आला,
थांबला. मोजले असावेत.
पुढे गेला.

आमच्या गणवेशाला खिसे नसतात,
चिप्स चोरू नयेत म्हणून.
उरलेले चार आकडे मी मोज्यात ठेवलेत.
चालताना टोचतात.